‘मुळात असे नाही’ : ‘कल्कि’चा प्रेक्षक आणि वालधुनीचा काठ

दादासाहेब फाळके यांनी १९१७ साली ‘नवयुग’ मासिकात लिहिलेल्या लेखांत एका प्रेक्षकानुभवाची नोंद आहे. मुंबईत ख्रिस्तचरित्रावरचा एक मूकपट पाहत असताना पडद्यावरच्या ख्रिस्ताच्या जागी त्यांना राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या दिसू लागली. भारतीय चित्रपटनिर्मितीच्या इतिहासाचे पहिले पान म्हणून हा प्रसंग नेहमी सांगितला जातो. पण तो प्रेक्षकत्वाच्या इतिहासाचेही एक पान आहे. समोर जे दिसते आहे त्याच्या आड आपल्या परंपरेतले दुसरे काही पाहणे आणि समोरच्याचे मोल त्या दुसऱ्यावरून ठरवणे, ही रीत फाळक्यांच्या त्या अनुभवात स्पष्ट दिसते. फाळक्यांच्या बाबतीत ती सर्जक ठरली. तिच्यातून ‘राजा हरिश्चंद्र’ आला. मात्र ती नेहमीच सर्जक ठरते असे नाही. कधी कधी तिच्यामुळे समोरचे दिसेनासेही होते.

२७ जून २०२४ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘कल्कि २८९८ एडी’ या चित्रपटाविषयी प्रेक्षकांनी जी मते मांडली, त्यांचा विचार या दृष्टीने करण्याजोगा आहे. नाग अश्विन यांनी दिग्दर्शित केलेला आणि सुमारे सहाशे कोटी रुपये खर्चून तयार झाल्याचे सांगितले गेलेला हा तेलुगू चित्रपट हिंदीसह अन्य भाषांत आला आणि जगभरात त्याने हजार कोटींहून अधिक उत्पन्न मिळवले. त्याचे कथानक इसवी सन २८९८मधले आहे. पृथ्वीवर काशी हे अखेरचे नगर उरले आहे. गंगा आटली आहे. नगराच्या डोक्यावर उलट्या पिरॅमिडच्या आकाराचे ‘कॉम्प्लेक्स’ अधांतरी तरंगते आहे. पाणी, हिरवाई, अन्न असे जे काही चांगले आहे ते सारे तेथे आहे. कॉम्प्लेक्सचा सर्वाधिपती यास्किन याला अमर व्हायचे आहे, आणि त्यासाठी बंदिवान गर्भवतींच्या गर्भातून एक द्रव काढला जातो. अशाच एका गर्भवतीच्या पोटी कल्की जन्मणार आहे, आणि तिचे रक्षण करण्यासाठी सहा हजार वर्षे अश्वत्थामा वाट पाहतो आहे. शीर्षकातल्या आकड्याचा हिशेबही हाच आहे. कृष्णावताराची समाप्ती परंपरेने इसवी सनापूर्वी ३१०२ साली मानली जाते. तेथून २८९८पर्यंत सहा हजार वर्षे होतात.

या चित्रपटावरची मते वृत्तपत्रांतून, दूरचित्रवाणीवरून आणि समाजमाध्यमांतून मोठ्या संख्येने व्यक्त झाली. पूर्वार्ध रेंगाळतो, प्रभासने रंगवलेला भैरव फार थिल्लर वाटतो, अमिताभ बच्चन यांचा अश्वत्थामा सगळ्यांवर मात करतो, शेवटचा अर्धा तास डोळे दिपवतो, असे शेरे सर्वत्र आढळतात. त्यांचा येथे विशेष विचार करण्याचे कारण नाही. ते कोणत्याही भव्य चित्रपटाच्या वाट्याला येतात. लक्षणीय आहेत ते दोन आक्षेप. पहिला असा, की मूळ महाभारतात असे नाही. दुसरा असा, की हे सारे हॉलिवूडमधून उचलले आहे. वाळवंट आणि वाहने ‘मॅड मॅक्स’मधून, युद्धनौका ‘स्टार वॉर्स’मधून, भविष्यवाणी ‘ड्यून’मधून. वरवर पाहता हे आक्षेप परस्परविरोधी आहेत. एकात चित्रपट मुळाला सोडून गेल्याची तक्रार आहे, दुसऱ्यात तो मुळाला चिकटून राहिल्याची. तरीही दोहोंमागे एकच गृहीत आहे. कलाकृतीची पारख तिच्या उगमावरून करायची. तिने काय सांगितले यापेक्षा ते कोठून आणले हे आधी विचारायचे.

हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ साली कोन्स्टान्झ येथे दिलेल्या व्याख्यानात वाङ्मयेतिहासाची पुनर्मांडणी वाचकाच्या अपेक्षांच्या क्षितिजावरून करावी, असे सुचवले होते. योगायोग असा, की याच वर्षी मराठीत शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आणि इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ ही दोन्ही पुस्तके प्रसिद्ध झाली. ‘कल्कि’च्या प्रेक्षकाचे क्षितिज ज्या पुस्तकांनी घडवले त्यांत ही दोन अग्रभागी आहेत, आणि दोघांची दिशा एकमेकांच्या उलट आहे. पण क्षितिजाची कल्पना केवळ ग्रंथांपुरती ठेवली तर ती अपुरी राहते. प्रेक्षक कोठे राहतो, कोणत्या नदीचे पाणी पितो, कामाला कोठे जातो, हेही त्याच्या क्षितिजात येते. म्हणून हा विचार एका ठिकाणी रोवून करणे बरे. मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर कल्याण सोडल्यावर ओळीने येणारी उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे त्यासाठी येथे घेतली आहेत.

ही तीन शहरे शेजारी असली तरी त्यांची घडण वेगळी आहे. उल्हासनगर ही दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना तिच्या बराकींत आणले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसली आणि छावणीला नदीचे नाव मिळाले. पण पत्त्यातून ‘कॅम्प’ हा शब्द आजही गेलेला नाही. अंबरनाथ हे एका अंगाने शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा शिलालेख असलेल्या शिलाहारकालीन शिवमंदिराचे गाव, आणि दुसऱ्या अंगाने काड्यापेट्यांच्या, दारूगोळ्याच्या आणि रसायनांच्या कारखान्यांचे. बदलापूर हे मुंबईत घर परवडेनासे झाल्यावर मराठी मध्यमवर्ग जेथवर सरकत गेला त्या वाटेवरचे शहर. श्याम जोशी यांनी उभे केलेले ‘ग्रंथसखा’सारखे दुर्मिळ मराठी ग्रंथांचे वाचनालय तेथे आहे. २०११च्या जनगणनेत या तीन शहरांची मिळून लोकसंख्या नऊ लाखांच्या वर गेली होती. ‘कल्कि’ मराठीत आला नाही, सिंधीतही नाही. मूळ तेलुगू चित्रपट हिंदीतून पाहताना येथल्या सिंधी आणि मराठी प्रेक्षकाला आपापली संदर्भचौकट मनातच लावून घ्यावी लागते. फाळक्यांनी केले ते हेच.

पहिल्या आक्षेपाचा सर्वाधिक भर कर्णावर आहे. चित्रपटाच्या शेवटी भैरव हाच कर्णाचा पुनर्जन्म असल्याचे उघड होते आणि कुरुक्षेत्रावरच्या दृश्यांत कर्णाचे तेज अर्जुनापेक्षा किंचित उजळ दिसते. त्यावरून प्रेक्षकांत सरळ दोन तट पडले. एका तटाने कर्णाला अखेर न्याय मिळाल्याचे म्हटले; दुसऱ्याने व्यासांच्या ग्रंथात अर्जुनच श्रेष्ठ असल्याचे दाखले दिले. गंमत अशी, की दोन्ही तट ‘मूळ महाभारत’ हाच शब्द वापरत होते.

हे मूळ कोणते? पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी झाली. तिच्या आदिपर्वात विष्णु सीताराम सुकथनकरांनी एक प्रसंग मुख्य संहितेबाहेर काढून तळटीपेत ठेवला. स्वयंवरात द्रौपदीने ‘सूताला वरणार नाही’ असे म्हणून कर्णाला भरसभेत नाकारल्याचा हा प्रसंग. हस्तलिखितांचा आधार तोकडा पडला, एवढेच त्याचे कारण. पण कर्णाच्या अपमानाची जी मालिका आधुनिक भारतीय वाचकाच्या मनात आहे तिच्यातला हा कळीचा दुवा आहे. म्हणजे पाठचिकित्सेने ज्या वेळी कर्णाचे एक दुःख संहितेतून वगळले, नेमके त्याच सुमारास ललित साहित्याने ते दुःख केंद्रस्थानी आणले. हिंदीत दिनकरांचे ‘रश्मिरथी’ १९५२ साली आले. मराठीत शिरवाडकरांचे ‘कौंतेय’, मग ‘मृत्युंजय’, मग १९७३ साली रणजित देसाईंचे ‘राधेय’. तमिळमध्ये १९६४ साली शिवाजी गणेशन यांचा ‘कर्णन’. तेलुगूत १९७७ साली एन. टी. रामाराव यांचा ‘दानवीरशूरकर्ण’, ज्यात कर्ण, दुर्योधन आणि कृष्ण अशा तिन्ही भूमिका त्यांनी स्वतः केल्या. १९८८ ते १९९० या काळात बी. आर. चोप्रा यांच्या दूरचित्रवाणी मालिकेने हे सारे घरोघरी नेले. ज्या कर्णासाठी प्रेक्षक आज भांडतो तो व्यासांइतकाच, किंबहुना अधिक, या पंचवीस-तीस वर्षांत घडलेला कर्ण आहे. स्वातंत्र्योत्तर समाजात जन्माने नाकारलेल्या आणि कर्तृत्वाने वर येऊ पाहणाऱ्या माणसाला स्वतःची प्रतिमा त्याच्यात दिसली. ‘मृत्युंजय’च्या अखंड लोकप्रियतेचे स्पष्टीकरण केवळ तिच्या भाषेच्या फुलोऱ्याने होत नाही, उलट तो फुलोरा वाचकाने सोसला, तो या ओळखीपोटी.

इरावतीबाईंनी मात्र या पात्राकडे निर्मम नजरेने पाहिले. त्यांचा कर्ण हा ‘मी कोण’ या प्रश्नात अडकलेला, क्षत्रिय म्हणून मान्यता मिळवण्याच्या धडपडीत पुन्हा पुन्हा चुकणारा माणूस आहे. दुर्योधनाने दिलेले अंगराज्य ही त्याची प्रतिष्ठा आणि तेच त्याचे बंधन. ‘कल्कि’तला भैरव पाहताना ‘मृत्युंजय’पेक्षा ‘युगान्त’ आठवावे, असे त्याचे रूप आहे. भैरव बंडखोर नाही. तो सुपारी घेऊन माणसे पकडणारा भाडोत्री लढवय्या आहे, आणि त्याची एकच इच्छा आहे : दहा लाख ‘युनिट’ जमवून कॉम्प्लेक्समध्ये प्रवेश मिळवायचा. ज्या सत्तेने काशीचे पाणी शोषले तिच्याविरुद्ध त्याची तक्रार नाही. आपण खाली आहोत एवढीच तक्रार आहे. आत घेतले जावे म्हणून आपले बाहुबल विकणारा हा माणूस पुढे कर्ण ठरतो, यात पटकथेची चांगली समज दिसते. प्रेक्षकांना भैरवाचा थिल्लरपणा खटकला. तो अनेक ठिकाणी खरोखरच लांबला आहे. पण कर्णाच्या तेजस्वी प्रतिमेवर पोसलेल्या अभिरुचीला त्या थिल्लरपणातला लाचार भाग ओळखता आला नाही, असेही म्हणावे लागते.

अश्वत्थाम्याबाबत हेच आणखी ठळकपणे घडले. चोप्रांच्या मालिकेत भीष्माची भूमिका केलेले मुकेश खन्ना यांनी चित्रपटाच्या भव्यतेची प्रशंसा केली, पण कृष्णाने अश्वत्थाम्याचा मणी काढून घेऊन त्याला भावी अवताराच्या रक्षणाचे काम सोपवल्याचे दाखवले, याला हरकत घेतली. हरकत संहितेच्या दृष्टीने बरोबर आहे. सौप्तिकपर्वात अश्वत्थामा मणी स्वतःच देतो, भीम तो द्रौपदीकडे नेतो, आणि अखेर तो युधिष्ठिराच्या मस्तकी जातो. भागवतात अर्जुन तो तलवारीने कापून घेतो. परंपरेतच दोन ‘मुळे’ आहेत. शापाची मुदतही सौप्तिकपर्वात तीन हजार वर्षांची आहे. चित्रपटाने ती हिशेबासाठी दुप्पट केली. महाराष्ट्रातल्या लोकमानसातला अश्वत्थामा तर या दोहोंहून निराळा. कपाळावरच्या न भरणाऱ्या जखमेसाठी तेल मागत दारोदार फिरणारा तो एक भिक्षेकरी आहे. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या अस्तंबा डोंगरावर त्याचे स्थान मानले जाते आणि दिवाळीच्या दिवसांत तेथे आदिवासी भाविकांची यात्रा भरते. पडद्यावरच्या धिप्पाड योद्ध्याचे कौतुक सर्वत्र झाले, पण त्याची दुखरी, तेल मागणारी बाजू चित्रपटात नाही याची खंत मराठी प्रेक्षकाला वाटायला हवी होती. मणी कोणी काढला यापेक्षा हे वजा होणे अधिक मोठे आहे.

मण्याच्या वादात याहून महत्त्वाची गोष्ट दृष्टिआड झाली. अश्वत्थाम्याचा मूळ अपराध कोणता? पांडवस्त्रियांच्या गर्भांवर त्याने अस्त्र सोडले. उत्तरेच्या पोटातल्या परीक्षितावर ते आदळले. कॉम्प्लेक्सच्या प्रयोगशाळेत चालते तेही गर्भाविरुद्धचेच काम. गर्भहत्येसाठी शापित झालेल्या माणसाला गर्भरक्षणाचे प्रायश्चित्त देणे, आणि त्याच्यासमोर गर्भ हाच कच्चा माल मानणारी सत्ता उभी करणे, ही या चित्रपटातली सर्वांत विचारपूर्वक केलेली रचना आहे. येथे पुराण आणि विज्ञानकथा एकमेकांना चिकटवलेली वाटत नाहीत, एकमेकांचा अर्थ लावतात. या प्रयोगशाळेची जाहीर दखल घेतली गेली ती जुलै २०२४मध्ये, कल्किधामचे आचार्य प्रमोद कृष्णम यांनी पाठवलेल्या कायदेशीर नोटिशीत. आणि तीही अवताराचा गर्भ कृत्रिम उपायांनी राहिल्याचे दाखवणे शास्त्राविरुद्ध आहे, या कारणावरून. बंदिवान स्त्रियांच्या शरीरांचे काय होते, हा प्रश्न तेथेही आला नाही.

दुसरा आक्षेप नकलेचा. त्याचा इतिहास या चित्रप्रकाराइतकाच जुना आहे. अफाट खर्च करून काढलेला भविष्यकालीन दुःस्वप्नाचा पहिला मोठा चित्रपट म्हणजे फ्रिट्झ लांग यांचा ‘मेट्रोपोलिस’. तो जानेवारी १९२७मध्ये बर्लिनला प्रदर्शित झाला आणि निर्मितीसंस्था जवळजवळ बुडाली. त्याच वर्षी एच. जी. वेल्स यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्यावर कठोर टीका केली. तिच्यातला एक मुद्दा असा, की यात आपल्याच जुन्या कादंबरीचे आणि चापेकच्या यंत्रमानवांचे तुकडे आहेत. वर श्रीमंतांची बाग आणि खाली कामगारांचे नगर ही ‘मेट्रोपोलिस’ची उभी रचनाच ‘कल्कि’च्या काशीत उतरली आहे, आणि तिचेही मूळ वेल्समध्ये दाखवता येते. उसनवारीचा शोध असा मागे मागे नेत गेल्यास हाती काही लागत नाही. मराठी नाट्यसमीक्षेला हे नवीन नाही. देवलांचे ‘झुंझारराव’ ‘ऑथेल्लो’वरून आले म्हणून त्याचा विचार थांबला नाही, रूपांतर येथे येऊन काय झाले, हे पाहण्याची सवय तिने लावून घेतली.

उल्हासनगरच्या संदर्भात तर ‘नक्कल’ या शब्दाला वेगळीच धार आहे. येथे तयार झालेल्या मालावर ‘मेड इन यूएसए’ असे छापलेले असते आणि त्याचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा असतो, हा विनोद साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहे. विनोद सांगणाऱ्याला त्यातला इतिहास बहुधा ठाऊक नसतो. घरदार, जमीन आणि पेढी मागे टाकून बराकीत आलेल्या लोकांनी हाताशी मिळेल त्या यंत्रावर, मिळेल त्या कापडाचे, विकेल ते बनवले. नमुना दुसऱ्याचा असला तरी पोट स्वतःचे होते. एका तेलुगू चित्रपटाने हॉलिवूडच्या नमुन्यावर स्वतःचे भविष्य शिवून काढले याबद्दल नाक मुरडणे या गावात तरी सहज जमू नये.

उगमाच्या या दुहेरी चौकशीत जे विचारायचे राहून गेले, ते आता पाहू. ‘डिस्टोपिया’ आणि ‘कलियुग’ या दोन कल्पना ‘कल्कि’ने एकत्र बांधल्या आहेत. त्या समानार्थी नाहीत. वनपर्वातल्या मार्कंडेयाच्या कथनापासून भागवताच्या बाराव्या स्कंधापर्यंत कलियुगाची जी वर्णने येतात त्यांत ऱ्हास हा काळाचा धर्म आहे. पाऊस पडेनासा होतो, नद्या आटतात, आयुष्ये तोकडी होतात, कारण युगच तसे आहे. त्यावर उपाय एकच, अवतार. डिस्टोपियात मात्र ऱ्हासाला कर्ता असतो. कोणीतरी पाणी वळवलेले असते, कोणीतरी त्यावर पहारा बसवलेला असतो, आणि त्या व्यवस्थेला नाव, पत्ता, हिशेबाची वही असते. दार्को सुविन यांनी १९७९च्या आपल्या ग्रंथात विज्ञानकथेचा विशेष म्हणून ज्ञानाधिष्ठित अपरिचितता सांगितली. ओळखीचे जग परके करून दाखवायचे, पण अशा रीतीने की त्याची कारणे समजून घेता यावीत. कारणमीमांसेला जागाच उरली नाही तर उरते ती अद्भुतकथा. ‘कल्कि’ या दोहोंच्या सीमेवर उभा आहे आणि तो कोणत्या बाजूला पडतो हे पुष्कळ अंशी पाहणाऱ्यावर अवलंबून आहे. गंगा कलीने आटवली असे मानले तर विचारपूस करण्याजोगे कोणी शिल्लक राहत नाही. कॉम्प्लेक्सने आटवली असे मानले तर राहते.

मराठी परंपरेला हा भेद परका नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त अवतारकथांना इतिहासाच्या चौकशीत आणून उभे केले. वामनाने बळीला पाताळात घातले ही लीला नव्हती. तो एका सत्तेने दुसऱ्यावर केलेला अन्याय होता, आणि त्याला कर्ता होता. शंभरहून अधिक वर्षांनी जयंत नारळीकरांनी ‘वामन परत न आला’मध्ये तेच नाव यंत्रमानवाच्या संदर्भात वापरले. जमिनीखाली सापडलेल्या एका लुप्त संस्कृतीच्या ठेव्यातून यंत्रमानव घडतो, आणि तीन पावले मागणारा बटू आपल्याला गिळू शकतो या जाणिवेपर्यंत कथा पोहोचते. दोघांनीही ‘मुळात असे आहे की नाही’ हा प्रश्न बाजूला सारला आणि मिथक कामाला लावले. ‘कल्कि’च्या मराठी प्रेक्षकापाशी फुले आणि नारळीकर हे दोन्ही वारसे होते. वादात उतरले ते सावंत आणि चोप्रा.

आता वालधुनीकडे वळावे. अंबरनाथजवळच्या डोंगरातून निघणारी ही लहानशी नदी शिवमंदिराच्या पायथ्याशी वाहते, औद्योगिक वसाहतीजवळून उल्हासनगरात शिरते आणि पुढे कल्याणच्या खाडीकडे जाते. वाटेत रसायनांचे कारखाने, जीन्स धुण्या-रंगवण्याचे धंदे आणि तीन नगरांचे सांडपाणी तिला मिळत गेले. कोणत्या दिवशी कोणता रंग धुतला जातो ते पाण्यावरून ओळखता यावे, अशी तिची ख्याती झाली. नोव्हेंबर २०१४मध्ये उल्हासनगरात तिच्या पात्रात रात्री टँकरमधून रासायनिक घाण सोडली गेली आणि वायूने गुदमरलेल्या शेकडो रहिवाशांना रुग्णालयांत न्यावे लागले. प्रकरणे न्यायालयांत आणि हरित लवादापुढे गेली. या नदीच्या ऱ्हासाला कर्ता नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. परवाने आहेत, पावत्या आहेत, टँकरला क्रमांक असतो.

पाण्याच्या वाटणीचेही तसेच. बदलापूरजवळ औद्योगिक विकास महामंडळाचे बारवी धरण आहे. त्याचे पाणी कारखान्यांबरोबर उल्हासनगर, ठाणे, मिरा-भाईंदरपर्यंत जाते. त्याची उंची वाढवताना काठची गावे उठली. खालचे पाणी वर जाते आणि वरून वाटले जाते, ही कॉम्प्लेक्सची रचना या पट्ट्याला चित्रपटातून शिकावी लागत नाही. अर्थात साम्य फार ताणू नये. काशीत पाणी नाही. उल्हास खोऱ्यात ते कधी कधी अनावर असते. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. आटलेली गंगा ही येथल्या भयाची प्रतिमा नव्हे. पाणी आहे पण ते पिववत नाही, आणि पावसाळ्यात तेच घरात येते, ही येथली प्रतिमा असू शकते. तिच्यासाठी अजून कोणी सहाशे कोटी खर्च केलेले नाहीत.

उल्हासनगरच्या सिंधी प्रेक्षकाचे क्षितिज येथे आणखी एका कारणाने विचारात घ्यावे लागते. त्याच्या परंपरेतला अवतार नदीतून आलेला आहे. ठठ्ठ्याच्या मिरखशाहाच्या जुलमाने गांजलेल्या लोकांनी सिंधूच्या काठी चाळीस दिवस आराधना केली, आणि नसरपूरला उडेरोलालाचा, म्हणजे झुलेलालाचा जन्म झाला, अशी कथा आहे. तो वरुणाचा अवतार मानला जातो. सिंधू १९४७ साली सुटली. चालिहाचे चाळीस दिवसांचे व्रत उल्हासनगरात आले. जुलमी सत्ताधीश, गांजलेले नगर, येऊ घातलेले मूल आणि नदी हे ‘कल्कि’चे चारही घटक या कथेत आहेत, आणि त्यांत कर्ण-अर्जुनाचा कोठेच संबंध नाही. महाभारताच्या मुळाशी चित्रपट किती प्रामाणिक, हा वाद या प्रेक्षकाच्या दृष्टीने बाजूचा ठरतो. नदी आटली तर अवतार कोठून येईल, हा प्रश्न त्याच्या जवळचा आहे. ‘कल्कि’च्या चर्चेत तो कोणी विचारला नाही, कारण महाभारत ही एकच संहिता सर्वांची आहे, असे गृहीत धरूनच चर्चा सुरू झाली होती.

चित्रपट प्रदर्शित झाल्यावर नेल्लोर जिल्ह्यातल्या पेरुमाळ्ळपाडु येथील, वाळूखालून वर काढलेले नागेश्वराचे मंदिर पाहायला लोकांची रीघ लागली. अश्वत्थामा ज्या मंदिरात वाट पाहतो त्याच्याशी ते जोडले गेले होते. अंबरनाथचे मंदिर त्याहून पूर्णपणे उभे आहे. त्याच्या भिंतींवरची शिल्पे पावसाने आणि हवेतल्या रसायनांनी झिजत चालली आहेत, आणि गाभाऱ्यात जाणाऱ्याला खाली उतरावे लागते, कारण या मंदिराचा गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे. बाहेर, थोड्याच अंतरावर, वालधुनी वाहते.